पहिली पीसीपी घेताय? आकडा आधीच ठरलाय!

नवरात्रात कर्णपुऱ्याच्या यात्रेत फुगे फोडायला तुम्ही उभे राहिला असालच. दहा छर्रे, समोर रंगीबेरंगी फुग्यांची फळी आणि हातात नळी वाकडी झालेली एक म्हातारी बंदूक. चार फुगे फुटले की मित्र पाठ थोपटतात, सहा फुटले की आपणच स्वतःला ऑलिम्पियन समजायला लागतो. बऱ्याच जणांचं वेड तिथूनच सुरू होतं. मग घरी येऊन मोबाइल उघडायचा, रात्री दोनपर्यंत व्हिडिओ बघायचे. अमेरिकेतला कोणी दाढीवाला काका सांगत असतो, की पहिली रायफल घेताय ना, मग सरळ पॉइंट टू टू घ्या. दुसरा म्हणतो पॉइंट टू फाइव्ह. तिसऱ्याच्या हातात पॉइंट थ्री झीरो असते आणि तो ऐंशी मीटरवरचं भोपळ्याचं डोकं उडवत असतो. सकाळी कँटीनमध्ये चर्चा सुरू : ".१७७ पोरासोरांची असते रे, घ्यायची तर .२२ घे."

थांबा. या चर्चेतला मुख्य प्रश्न आपल्या देशात कँटीनमध्ये सुटत नाही. तो २०१६ सालीच सुटलाय.

शस्त्र नियम, २०१६ उघडून बघा. ज्या एअरगनच्या नळीचा व्यास .१७७ इंचापेक्षा, म्हणजे ४.५ मिलिमीटरपेक्षा जास्त आहे, किंवा जिच्या तोंडाशी छर्ऱ्याची ऊर्जा २० ज्यूलपेक्षा जास्त आहे, तिला परवाना लागतो. यातला 'किंवा' नीट वाचा. .२२ ची एअर रायफल कितीही मवाळ असली, अगदी दहा ज्यूलची असली, तरी नळी ५.५ मिमीची आहे, म्हणजे परवाना हवाच. आणि नळी ४.५ मिमीची असली, पण ट्यूनिंग करून तिची ताकद पंचवीस ज्यूलवर नेली, तरीही हवा. परवान्यासाठी शहरात पोलीस आयुक्तालयात अर्ज करायचा, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. शस्त्र कायद्यात वयाची अट २१ वर्षांची. तुम्ही सेकंड इयरला असाल तर हिशेब तुमचा तुम्हीच करा.

म्हणजे पहिल्या रायफलचं कॅलिबर कोणतं, या प्रश्नाला इथे एकच सरळ उत्तर आहे : .१७७. कोणी "काही होत नाही भाऊ, सगळेच वापरतात" म्हणून विनापरवाना .२२ विकायला बघत असेल, तर तो तुम्हाला रायफल विकत नाहीये, पोलीस केस विकतोय. सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत ही केस पुन्हा समोर येते, तेव्हा 'फक्त एअरगन होती' हे सांगत बसायला लागतं. एमपीएससी करणाऱ्यांना जास्त सांगायला नको.

पण "नियम आहे म्हणून .१७७" एवढ्यावर थांबलो, तर ही रायफल म्हणजे नाइलाजानं घेतलेली सेकंड हँड स्कूटी वाटेल. तसं अजिबात नाहीये. जरा खोलात जाऊ.

कॅलिबर म्हणजे नळीचा आतला व्यास. इंचात मोजला की .१७७, .२२, .२५, मिमीत तेच अनुक्रमे ४.५, ५.५ आणि ६.३५. आणि पीसीपी म्हणजे प्री-चार्ज्ड न्यूमॅटिक. यात्रेतल्या बंदुकीत नळी वाकवली की आतली स्प्रिंग दाबली जाते आणि ट्रिगर ओढल्यावर ती स्प्रिंग धाडकन पुढे जाऊन हवा ढकलते. छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच बंदूक हादरलेली असते. पीसीपीत हवा आधीच सिलिंडरमध्ये दाबून भरलेली असते, साधारण २०० बार दाबानं. तुमच्या बाइकच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असते. त्याच्या जवळपास शंभरपट. ट्रिगर ओढला की झडप क्षणभर उघडते, मोजून तेवढीच हवा सुटते, छर्रा निघतो. हिसका जवळजवळ नाहीच. म्हणून दहा मीटरच्या स्पर्धेत आज वरच्या पातळीवर सगळे पीसीपीच वापरतात. (ही कल्पना फार जुनी आहे बरं. ऑस्ट्रियाच्या सैन्यानं १७८० च्या सुमारास जिरांदोनी नावाची हवेची रायफल वापरली होती. दस्त्यातच हवेची टाकी आणि गोळी जवळपास बारा मिमीची. टाकी पूर्ण भरायला हातपंपाचे पंधराशेच्या आसपास झटके मारावे लागत. शिपायाचे दंड काय झाले असतील!)

आता अकरावीचं फिजिक्स काढा. .१७७ चा एक नेहमीचा छर्रा ०.५३ ग्रॅमचा धरू. त्याला २० ज्यूल दिले, तर वेग येतो सेकंदाला २७५ मीटरच्या आसपास. .२२ चा छर्रा एक ग्रॅमचा धरला, तर तेवढ्याच ऊर्जेत वेग २०० मीटर. तीस मीटरवर जाईपर्यंत गुरुत्वाकर्षण दोघांनाही खाली ओढतं. हवेचा विरोध सोडून दिला तरी .१७७ वाला साधारण पावणेसहा सेंटिमीटर खाली येतो आणि .२२ वाला अकरा. म्हणजे २० ज्यूलच्या मर्यादेत .१७७ चा मार्ग जास्त सपाट. अंतराचा अंदाज चुकला तरी नेम तेवढा चुकत नाही, आणि नवशिक्याचा अंतराचा अंदाज चुकतोच. जड छर्रा वाऱ्यात कमी हलतो, लांबवर ऊर्जा टिकवून धरतो, हे खरं आहे. परदेशातले ते व्हिडिओ त्याचसाठी असतात, कारण तिथे लोक या रायफलींनी ससे आणि खारी मारतात. आपल्याला ते करायचं नाहीये. त्या विषयाकडे पुढे येतोच.

एक गोंधळ इथेच मिटवू. एनसीसीच्या कॅम्पमध्ये ज्यांनी .२२ चालवलीये, ते म्हणतील, "मग ती काय होती?" ती बंदूक बारुदाची. काडतुसाची .२२ आणि हवेची .२२ यांचा आकडा एक असला तरी जात वेगळी. ऑलिम्पिकमध्ये पन्नास मीटरला ती काडतुसाची .२२ असते. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली ती पन्नास मीटर प्रोनमध्ये. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य जिंकलं, तेही पन्नास मीटर थ्री पोझिशन्समध्ये. पण तिथपर्यंतची वाट बहुतेकांची दहा मीटरवरून आणि ४.५ मिमीवरूनच जाते. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोत जगज्जेता झाला, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. तुमच्या वयाचा. त्याच्या रायफलचं कॅलिबर? .१७७. अभिनव बिंद्राच्या २००८ च्या सुवर्णपदकाचं? .१७७. पोरासोरांची म्हणणाऱ्याला एवढं सांगा आणि चहाचे पैसे त्यालाच द्यायला लावा.

दहा मीटरचं टार्गेट कधी हातात घेऊन बघितलंय? अख्खं टार्गेट साडेपंचेचाळीस मिमीचं, तळहातात मावेल एवढं. त्यातला 'दहा'चा ठिपका अर्धा मिमी. बॉलपेन टेकवल्यावर पडतो ना, तेवढा. छर्ऱ्याची कड त्या ठिपक्याला शिवली तरी दहा मिळतात, म्हणजे छर्ऱ्याचा मध्य केंद्रापासून अडीच मिमीच्या आत पाहिजे. आता गंमत बघा : छर्रा साडेपाच मिमीचा असता, तर तीन मिमी लांबूनही ठिपक्याला शिवला असता. म्हणूनच जगभर सगळ्यांना एकच आकडा, ४.५. पुढे गुण दशांशात मोजतात, १०.० पासून १०.९ पर्यंत, आणि प्रत्येक दशांश पाव मिमीचा. स्पर्धेत साठ नेम, पंचाहत्तर मिनिटं. फुगे आठवले का?

आणि इतक्या बारीक कामाला ताकद किती लागते? मॅच रायफलचा छर्रा सेकंदाला १७५ मीटरच्या आसपास जातो. ऊर्जा आठ ज्यूलच्या आसपास. कायद्याच्या मर्यादेच्या निम्मीसुद्धा नाही. दहा मीटर जाताना तो सोळा मिमी खाली येतो, ते साइट्सनं भरून काढायचं. त्यामुळे दुकानात "याची पॉवर किती?" हा पहिला प्रश्न विचारू नका. अधिक पॉवर म्हणजे अधिक आवाज, अधिक हवा, एका भरणीत कमी छर्रे. मॅच रायफल एका सिलिंडरवर दोनशेहून जास्त छर्रे सहज मारते.

खरा निवडीचा भाग आता सुरू होतो, आणि यात व्हिडिओवाले काका फारसे बोलत नाहीत. .१७७ ठरलं तरी कॅलिबर पुरतं ठरत नाही. छर्ऱ्यांच्या डब्याच्या तळाशी किंवा लेबलवर बारीक अक्षरात ४.४९, ४.५०, ४.५१ असं लिहिलेलं असतं. छर्ऱ्याच्या डोक्याचा व्यास. मिमीचा शंभरावा भाग! हसू येईल, पण दोन नळ्या एकाच कारखान्यातून, एकाच दिवशी निघाल्या तरी एकीला ४.४९ आवडतो, दुसरीला ४.५१. म्हणून नेमबाज रायफल शिकंजात घट्ट बसवतात आणि वेगवेगळ्या मापांचे, वेगवेगळ्या बॅचचे छर्रे पाच-पाच, दहा-दहा मारून बघतात. ज्यांचं भोक सगळ्यात लहान आणि गोल पडतं, तो छर्रा आपला. तो सापडला की त्याच बॅचचे डबे घेऊन ठेवायचे. एच अँड एन, आरडब्ल्यूएस, जेएसबी ही नावं रेंजवर पहिल्याच आठवड्यात कानावर पडतील. दहा मीटरसाठी सपाट तोंडाचा छर्रा घ्यायचा; तो कागदाला पंचिंग मशीनसारखं स्वच्छ गोल भोक पाडतो. गोल डोक्याचा छर्रा लांब पल्ल्यासाठी. आणि छर्रे शिशाचे असतात, हे विसरू नका. तोंडात धरायचे नाहीत, नेमबाजी झाली की साबणानं हात धुवायचे, मगच डबा उघडायचा. पोह्यांना शिसं लागून चालत नाही.

रायफल कोणती? दोन रस्ते आहेत. घरच्या घरी डबे, नाणी, कागद यांच्यावर नेम धरण्याची हौस असेल, तर प्रिसिहोलसारख्या देशी कंपनीची पीसीपी पुरते. कंपनी आपल्याच महाराष्ट्रातली आहे. स्पर्धेत उतरायचं असेल, तर वॉल्थर, फाइनवर्कबाउ, ॲनशुट्झ, स्टेयर ही मंडळी येतात आणि किंमत लाखांत जाते. मध्ये काही नाही असं नाही, पण माझं स्पष्ट मत : स्पर्धेचं मनात असेल तर पहिले सहा महिने काहीच विकत घेऊ नका. रेंजवरची रायफल वापरा. तुमच्या खांद्याला किती लांबीचा दस्ता बसतो, गाल कुठे टेकतो, उजवा डोळा मुख्य की डावा, हे तुम्हालाच अजून माहीत नाहीये. साडेपाच किलो ही मॅच रायफलची कमाल मर्यादा. तेवढं वजन साठ वेळा उचलून स्थिर धरायचंय. बऱ्याच जणांना तिसऱ्या आठवड्यात कळतं की आपल्याला रायफल नाही, पिस्तूल जमतंय. वडिलांनी एफडी मोडून आणलेली रायफल तोवर कपाटात गेलेली असते.

सेकंड हँडची गोष्ट वेगळी. माझ्या एका मित्रानं कॉलेजात असताना जुनी मॅच रायफल 'डील' म्हणून घेतली. विकणाऱ्यानं नळी आतून चमकवून दाखवली, ट्रिगर दाखवला, केसची कुलपंसुद्धा दाखवली. एक गोष्ट दाखवली नाही : सिलिंडरवर कोरलेली तारीख. या सिलिंडरांना मुदत असते, बहुतेक मॅच रायफलींच्या सिलिंडरांना दहा वर्षं. मुदत संपलेलं सिलिंडर घेऊन स्पर्धेत गेलात, तर जबाबदारी तुमची, असं नियमातच आहे. तो पहिल्याच जिल्हास्तरीय स्पर्धेत उपकरण तपासणीच्या टेबलावरून परत आला. सिलिंडर नवीन घ्यायला पुन्हा घरी पैसे मागावे लागले, आणि ते संभाषण कसं झालं असेल ते सांगायला नको. तेव्हा जुनी रायफल बघताना नळीच्या आधी सिलिंडर फिरवून तारीख वाचा. दोनशे बार हा आकडा गमतीचा नाही. हवा भरताना सांध्यांना तेल-ग्रीस लावायचं नाही. दाबाखाली ते पेट घेऊ शकतं. आणि कितीही सोयीचं वाटलं तरी ऑक्सिजनच्या सिलिंडरवरून कधीही भरायची नाही. कोरडी, गाळलेली हवाच. घरी हातपंप असतो, पण तो तुमचा दमट श्वास आणि घाम दोन्ही काढतो; रेंजवरच्या मोठ्या टाकीवरून भरून घेणं सगळ्यात बरं.

विकत घेताना दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागेल. मागत नसेल, तर दुकान बदला. बिल जपून ठेवा, त्यावर कॅलिबर लिहून घ्या. रायफल नेहमी बंद केसमधून न्यायची. बाइकवर मागे बसून क्रांती चौकातून खांद्यावर टाकून नेली की बघणाऱ्याला .१७७ आणि एके-४७ यातला फरक दिसत नाही; वाहतूक पोलिसालाही नाही. तेच रील्सचं. बंदूक घेऊन टाकलेल्या रीलवरून पोलीस घरी आल्याच्या बातम्या याच पेपरात वाचल्या असतील.

आता तो मघाचा विषय. तुमच्यातले निम्मे पैठण, कन्नड, वैजापूर, सिल्लोडकडून आलेले. घरी शेत आहे, शेतात पोपट, वानरं, रानडुकरं आहेत. "एक एअरगन असली की बरं" असं काका म्हणतातच. सरळ सांगतो : नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि तो छर्ऱ्यालाही लागू होतो. पोपट असो, बगळा असो, वानर असो. रानडुकरांसाठीसुद्धा वनखात्याची रीतसर परवानगी लागते आणि त्यासाठीचं हत्यार ही तर नाहीच. वीस ज्यूलनं रानडुक्कर मरत नाही, जखमी होतं. जखम सडते, जनावर आठवडाभर कुठेतरी झुडपात पडून मरतं आणि पीक दुसऱ्या डुकरानं खाल्लेलं असतंच. अरुणाचल प्रदेशात एअरगननं पक्षी मारण्याची सवय इतकी मुरली होती की २०२१ मध्ये सरकारनं 'एअरगन सरेंडर अभियान' काढलं. लोकांनी स्वतःहून बंदुका आणून जमा केल्या.

आपल्या शहरात याची एक वेगळीच खूण आहे. दिल्ली गेटजवळून जाताना तुम्ही सलीम अली सरोवर रोज बघता. जुनं नाव खिजरी तलाव. ज्यांचं नाव त्याला दिलंय, ते भारताचे पक्षीतज्ज्ञ सलीम अली लहानपणी मुंबईत एअरगन घेऊन चिमण्या मारायचे. १९०८ च्या सुमारास त्यांनी पाडलेली एक चिमणी नेहमीची नव्हती, गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती, म्हणून मामांनी त्या बारा वर्षांच्या पोराला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवलं. तिथे मिलर्ड नावाच्या साहेबांनी कपाटं उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले, आणि पोराचं आयुष्य तिथे वळलं. आत्मचरित्राचं नावही त्यांनी त्या पडलेल्या चिमणीवरूनच ठेवलं. आज त्याच सरोवराच्या काठी कोणी छर्ऱ्याची बंदूक घेऊन दिसला, तर त्याला कुठल्याही मिलर्डसाहेबाकडे पाठवत नाहीत.

मग नेम धरायचा कुठे? गच्चीवर दहा मीटर मिळतात, पण गच्चीच्या पलीकडे शेजाऱ्यांची गच्ची असते. चुकलेला छर्रा शे-दीडशे मीटर सहज जातो. सिडकोतल्या घरांची रचना आठवा आणि विचार सोडा. घरात लांब पॅसेज असेल, मागे भक्कम भिंत आणि छर्रे पकडणारी लोखंडी पेटी असेल, मधल्या दारातून आजी अचानक येणार नसेल, तर एक वेळ ठीक. नाहीतर रेंज. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात किंवा गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात चौकशी करा, कॉलेजच्या क्रीडा संचालकांना विचारा. शहरातल्या खासगी अकादम्यांची नावं तिथेच कळतील. विद्यापीठाचा संघ आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो की नाही, हेही विचारा. बऱ्याच कॉलेजांत हा खेळ कागदावर असतो आणि खेळणारंच कोणी नसतं. पुढची वाट जिल्हा, राज्य आणि मग मावळंकर स्पर्धा. हे मावळंकर म्हणजे लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर. १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन सुरू झाली, तेव्हा तिचेही पहिले अध्यक्ष तेच.

आणि उशीर झालाय असं वाटत असेल, तर अंजली भागवत आठवा. त्या एनसीसीच्या ओढीनं मुंबईच्या कीर्ती कॉलेजात गेल्या आणि रायफल हातात आली ती तिथेच. २००० साली सिडनी ऑलिम्पिकमध्ये त्या दहा मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत होत्या.

रेंजवरच्या पहिल्या दिवसाची मात्र तयारी ठेवून जा. तुम्ही मनातल्या मनात .१७७, ४.५०, आठ ज्यूल असं सगळं पाठ करून गेलेले असाल आणि कोच छर्रा देणारच नाहीत. रिकामी रायफल हातात देतील, कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर उभं करतील आणि म्हणतील, धर. एक मिनिट. खाली ठेव. परत धर. दुसऱ्या दिवशी डावा दंड उचलणार नाही. तिसऱ्या दिवशी परत भिंत. छर्ऱ्यांचा डबा समोरच्या टेबलावर असतो, झाकण लावलेला.